मामांचा फॉरवर्ड आणि उंदरांची पळापळ: मेनियावरचा पेपर घरी कसा वाचायचा

निपाणीच्या मामांचा फॉरवर्ड आला की मी आधी चहा ठेवते, मग उघडते. परवाचा असा होता: 'उंदरांवर सिद्ध! अमुक वनस्पतीचा अर्क मेनियावर लिथियमइतकाच गुणकारी. साइड इफेक्ट शून्य.' खाली मामांची स्वतःची ओळ: 'धाकट्याची गोळी थांबव, हे चालू कर. किती वर्षं किडनी जाळणार त्याची?'

मामांना हसू नका. तंबाखूच्या वखारीत आयुष्यभर हिशेब लिहिलेला माणूस आहे. आकडा छापून आला की विश्वास ठेवतो, आणि भाच्यावर जीव आहे. माझं खानापुरात औषधांचं दुकान, त्याआधी फार्माकॉलॉजीत एम.फार्म., आणि धाकटा भाऊ गेली नऊ वर्षं लिथियमवर, म्हणजे मेनिया आटोक्यात ठेवणाऱ्या जुन्या गोळीवर. त्यामुळं असले कागद माझ्याकडं तिन्ही वाटांनी येतात. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, तेव्हा पेन्सिल घेऊन वाचत बसते. कसं वाचते ते इथं सांगते. इंग्रजी बेताचं असलं तरी जमतं, कारण अशा फॉरवर्डमागच्या संशोधनाच्या पेपरचा निकाल शेवटच्या परिच्छेदात नसतो, मधल्या 'पद्धत' या रुक्ष भागात असतो. तिथं बहुतेक आकडेच असतात.

आधी घरातला मेनिया आठवा

पेपर उघडण्यापूर्वी हे करा. ज्याला मेनिया, म्हणजे मन आणि अंग बेफाम उसळण्याचा आजार, झाला होता तो माणूस तेव्हा कसा होता, ते चार ओळींत लिहून काढा. माझ्या चार ओळी अशा आहेत.

बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथांची तयारी चालली होती. धाकटा थर्माकोल आणि फ्लेक्सचं काम करतो, त्या दिवसांत सगळेच जागतात. पण बाकीची पोरं पहाटे तिथंच ताडपत्रीवर पडायची, हा मात्र चार रात्री झोपला नाही आणि दमलाही नाही. 'अक्का, मला झोपेची गरजच राहिली नाही बघ,' म्हणाला, आणि हे सांगताना इतका आनंदी होता की आई पण हसली. पाचव्या दिवशी दारात टेंपो. गोकाकचं करदंट, चाळीस किलो. रात्री तीनला फोन करून सांगितलं होतं, अख्ख्या गल्लीला वाटायला. पैसे कुठले विचारल्यावर जो चिडला, तो धाकटा आम्ही आधी कधी बघितला नव्हता.

झोप, बोलणं, पैसा, मोठेपणाच्या कल्पना, चिडणं. आणि मुख्य म्हणजे, काही आठवड्यांनी सगळं उतरलं आणि तो तीन महिने भिंतीकडं तोंड करून पडला. हा कागद पेपरच्या शेजारी ठेवा. पेपरमध्ये 'मेनिया' असा शब्द आला की दर वेळी याच्याकडं बघायचं.

डब्यात नेमकं काय मोजलं?

बहुतेक पेपरांत मेनिया म्हणजे उंदराची पळापळ. ती मोजायचं यंत्र आमच्या कॉलेजात होतं, ॲक्टोफोटोमीटर. नाव भारी, वस्तू साधी: झाकणाचा काळा डबा, आत एका भिंतीतून समोरच्या भिंतीवर पडणारे प्रकाशाचे किरण, बाहेर आकडे दाखवणारी खिडकी. उंदीर किरणाच्या आड आला की टिक, आकडा एकानं पुढं. दहा मिनिटांत किती टिक झाल्या, ती त्याची 'हालचाल'.

ही पळापळ वाढवायला पेपरांत ॲम्फेटामिन नावाचं उत्तेजक टोचतात. ते मिळवायचं म्हणजे परवानग्यांचा डोंगर, म्हणून आम्ही कॅफिनवर भागवलं. पहिल्याच आठवड्यात मी माती खाल्ली. पिंजऱ्यातून उंदीर काढला, डब्यात टाकला, लगेच मोजायला सुरुवात. कॅफिनवालेही पळाले आणि नुसतं सलाइन दिलेलेही पळाले. मॅडमनी विचारलं, 'तुला अनोळखी खोलीत ढकललं तर तू काय करशील? कोपरे हुंगत फिरशीलच की.' नव्या जागेची ती धावपळ थोड्या वेळानं ओसरते आणि त्यानंतर उरते ती औषधाची. माझे सहा दिवसांचे आकडे कचऱ्यात गेले. तेव्हापासून पेपरमध्ये मी पहिलं शोधते ते हेच: उंदराला डब्याची सवय होऊ दिली होती का, आणि मोजणी दिवसा की रात्री. उंदीर निशाचर. भर दुपारी झोपेतून उठवून त्याला सुस्त ठरवलं, तर त्यात औषधाचा काय गुण?

आता ॲम्फेटामिनच का, ते बघू. हे उत्तेजक मज्जापेशींच्या टोकांतून डोपामिन बाहेर सोडायला लावतं. माणसानं घेतलं तर झोप उडते, बडबड वाढते, अंगात वारं शिरल्यासारखं होतं. म्हणजे मेनियाशी तोंडवळा जुळतो. उंदराला दिलं की तो पळतो, आणि लिथियम दिलं तर ही पळापळ पुष्कळदा कमी होते. या 'पुष्कळदा'वर पेन्सिलनं खूण करा, कारण उंदरांची जात बदलली की निकालही बदलतो.

प्राण्यात असा नकली आजार उभा केला की त्याला 'मॉडेल' म्हणतात. मॉडेलची पारख तीन बाजूंनी करतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल विल्नर यांनी १९८४ मध्ये नैराश्याच्या प्राणी-मॉडेलांसाठी ही चौकट मांडली आणि ती सगळीकडं रुजली. दिसायला आजारासारखं आहे का? आतलं कारण तेच आहे का? आणि माणसात चालणारं औषध इथंही चालतं का? ॲम्फेटामिनचं मॉडेल पहिल्या प्रश्नात काठावर पास होतं, तिसऱ्यात बरं, दुसऱ्यात अडतं. धाकट्याला कुणी सुई मारली नव्हती.

सगळ्यात महत्त्वाचा गट: ज्याला ॲम्फेटामिन दिलंच नाही

एवढंच वाचून पेपर बंद केलात तरी चालेल, म्हणून सावकाश सांगते. झोपेची गोळी दिली तरी उंदीर पळायचा थांबतो. माझ्या दुकानात येणारे अर्धे लोक 'अक्का, निद्दी गुळगी कोड्री', झोपेची गोळी द्या, म्हणत येतात. ती गुळगी चुरून उंदराला द्या, टिकटिक कमी होईल. म्हणून ती काही मेनियाचं औषध ठरत नाही.

मग फरक कसा ओळखायचा? चांगल्या पेपरमध्ये किमान चार गट असतात: नुसतं सलाइन, नुसतं ॲम्फेटामिन, नुसतं नवं औषध, आणि दोन्ही एकत्र. तिसऱ्या गटावर बोट ठेवा. साध्या, शांत उंदराची रोजची हालचाल तशीच राहिली आणि ॲम्फेटामिनची वाढीव धावपळ तेवढी उतरली, तर काहीतरी आहे. शांत उंदीरही लोळाय लागला असेल, तर अर्कानं सगळ्यांना गुंगी आली, एवढंच. आणि तिसरा गट नसेलच तर? मी वर कोपऱ्यात 'गुंगी?' लिहिते आणि चहाचा कप त्या पेपरवर ठेवते.

गंमत अशी की लिथियमचा इतिहासच या गोंधळातून सुरू होतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ बंडूरा इथल्या हॉस्पिटलात जॉन केड नावाचे डॉक्टर गिनीपिगांवर प्रयोग करत होते. लिथियमचा क्षार टोचल्यावर गिनीपिग इतके मंद झाले की उताणे केले तरी शांत पडून राहिले. त्यांना वाटलं, हे शांत करणारं औषध. आज बऱ्याच जाणकारांचं मत असं की तो विषाराचा परिणाम असावा. म्हणजे माझ्या 'गुंगी?'च्या शिक्क्याला केडही पात्र. पण त्यांनी ते मेनियाच्या दहा रुग्णांना दिलं, रुग्ण सुधारले, आणि १९४९ साली ते छापून आलं. त्यातला पहिला रुग्ण पुढच्याच वर्षी लिथियमच्या विषबाधेनं गेला, हेही त्याच गोष्टीत येतं. रक्तातली पातळी मोजायची सोय नव्हती. पुढं १९५४ मध्ये डेन्मार्कचे मोगेन्स शौ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोट्या गोळीशी तुलना करून प्रयोग केला, आणि अमेरिकेत मेनियासाठी मान्यता मिळायला १९७० उजाडलं. गिनीपिग ते गोळी, एकवीस वर्षं. मामांना अर्क आठवड्यात पाहिजे होता.

तारखा बघा: औषध आधी की नंतर

ब्राझीलमधल्या फ्राय आणि सहकाऱ्यांचा २००६ सालचा पेपर मी शिकाऊ मुलींना नमुना म्हणून दाखवते. त्यांनी प्रयोग दोन बाजूंनी मांडला. एका मांडणीत उंदरांना १४ दिवस ॲम्फेटामिन दिलं आणि आठव्या दिवसापासून लिथियम किंवा व्हॅल्प्रोएट (मेनियावरचंच दुसरं औषध) जोडलं. हे झालं चढलेलं उतरवणं. दुसऱ्या मांडणीत उलटं: लिथियम किंवा व्हॅल्प्रोएट पहिल्या दिवसापासून, ॲम्फेटामिन आठव्यापासून. हे चढू न देणं. दोन्हीकडं धावपळही मोजली आणि मेंदूतली ऑक्सिडेशनची झीजही.

घरच्या भाषेत सांगायचं तर करदंटाचा टेंपो आला त्या आठवड्यात धाकट्याला जे लागलं ते पहिलं, आणि गेली नऊ वर्षं रोज रात्री घेतो ते दुसरं. 'मेनियावर गुणकारी' या दोन शब्दांत हे दोन्ही एकत्र कालवलेलं असतं. एकच सुई मारून तासाभरात मोजलेला प्रयोग असेल, तर नऊ वर्षांच्या प्रश्नाला त्याच्याकडं उत्तरच नाही. चौदा दिवसांचा असला तरी, सुई थांबली की उंदीर शांत. आपल्या माणसाचा आजार आपणहून येतो, जातो, परत येतो, आणि मधे नैराश्याची दरी असते. ते डब्यात उतरवणं अजून कुणाला नीट साधलेलं नाही.

जवळ जाणारे प्रयत्न आहेत. २००७ मध्ये कॉलीन मॅक्लंग यांच्या गटानं 'क्लॉक' या जनुकात बिघाड असलेल्या उंदरांवर पेपर काढला. हे जनुक शरीराचं दिवसरात्रीचं घड्याळ चालवतं. हे उंदीर कमी झोपायचे, जास्त पळायचे, कोकेनची ओढ जास्त, धोक्याची भीती कमी, आणि लिथियम दिल्यावर बरंचसं वागणं साध्या उंदरांसारखं व्हायचं. सुई मारून आणलेल्या धावपळीपेक्षा मला हे पटतं, कारण आमच्याकडं सगळं जागरणापासूनच सुरू झालं. उंदराला तीन दिवस झोपू न देऊन केलेलंही एक मॉडेल आहे. वाबेन नावाचं द्रव्य थेट मेंदूत सोडून पेशींचा सोडियम-पोटॅशियमचा पंप अडवायचा, असंही एक आहे. ते वाचताना माझं डोकं दुखतं, पण लिथियम हा सोडियमचा चुलतभाऊ असल्यानं त्यात तथ्य असावं असं वाटत राहतं.

डोसचं गणित, दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर

मराठीत रॅटही उंदीर, माऊसही उंदीर. फॉरवर्डला फरक पडत नाही, गणिताला पडतो. किलोमागचा डोस माणसाच्या अंदाजात आणायला रॅटचा आकडा ६.२ नं भागतात, माऊसचा १२.३ नं. समजा रॅटला किलोमागं ४०० मिलिग्रॅम अर्क दिला. भागिले ६.२, म्हणजे साधारण ६५. साठ किलोच्या माणसाला रोजचे जवळजवळ चार ग्रॅम, तोही घट्ट अर्क. कॅप्सूलच्या डबीवर ५०० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. म्हणजे रोज आठ. मामांना हा हिशेब पाठवला तेव्हा पहिल्यांदा त्यांचा उलटा प्रश्न आला, 'आठ कशा गिळायच्या?'

हे भागाकार सुरक्षित पहिला डोस ठरवायच्या अंदाजासाठी असतात, घरी औषध सुरू करायला नाहीत. लिथियमच्या बाबतीत तर डोसपेक्षा रक्तातली पातळी खरी. माणसात देखभालीसाठी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर धरतात, १.५ च्या वर विषाराची भीती. अर्काची लिथियमशी तुलना करणाऱ्या पेपरनं आपल्या उंदरांची लिथियमची पातळी दिली आहे का ते शोधा. नसेल, तर अर्क 'लिथियमइतका' ठरला तो कदाचित अपुऱ्या लिथियमसमोर. दुबळ्या पैलवानाला चीत करून गदा मिळवण्यासारखं.

आणखी एक बारकावा: पुष्कळ जुने पेपर फक्त नर उंदरांवरचे. व्हॅल्प्रोएट पोटातल्या बाळाच्या पाठीच्या कण्याला आणि बुद्धीच्या वाढीला घातक ठरू शकतं, हे दोन आठवड्यांच्या नरांच्या प्रयोगात कधीच दिसलं नसतं. घरात मूल होण्याच्या वयाची मुलगी हे औषध घेत असेल, तर हा विषय डॉक्टरांकडं आजच काढा. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका.

उत्तेजकं माणसात

डब्यातलं ॲम्फेटामिन आपल्याशी संबंधित नाही असं वाटेल. पण परीक्षा जवळ आल्या की एखादा इंजिनिअरिंगचा पोरगा दबक्या आवाजात 'अभ्यासाची गोळी' मागतो. त्याला मिथाइलफेनिडेट पाहिजे असतं, ॲम्फेटामिनच्याच वाटेनं जाणारं. आपल्याकडं ते शेड्यूल एक्समध्ये आहे: वेगळा परवाना, चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत दुकानात दोन वर्षं जपायची. मी ते ठेवतच नाही.

एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकणं) आणि बायपोलर (मेनिया-नैराश्याचा, धाकट्याचाच आजार) दोन्ही असलेल्यांना डॉक्टर ते विचार करून देतात, आणि इथं उंदरांऐवजी माणसांचा पुरावा आहे. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींवरून २०१७ मध्ये २,३०७ बायपोलर रुग्णांचा अभ्यास छापून आला. मूड स्टॅबिलायझरशिवाय, म्हणजे लिथियमसारख्या मन स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय, मिथाइलफेनिडेट सुरू केलेल्यांत पहिल्या तीन महिन्यांत मेनियाचा धोका, त्याच माणसांच्या गोळी नसलेल्या काळाच्या तुलनेत, ६.७ पट. मूड स्टॅबिलायझर चालू असलेल्यांत तो वाढला नाही, उलट ०.६ पट. यातही पेन्सिल चालवा: ६.७ च्या शेजारी कंसात २ ते २२ अशी मर्यादा आहे. म्हणजे वाढ पक्की, किती ते ढोबळ. आणि कुणाला कोणतं औषध हे नशिबावर सोडून, चिठ्ठ्या काढून गट पाडलेले नव्हते. तरी माझ्यासाठी हा पेपर डब्यातल्या शंभर पेपरांना भारी.

चिठ्ठ्या काढून केलेला हवा असेल तर २०१० चा बॅलन्स अभ्यास वाचा. ३३० रुग्ण, दोन वर्षांपर्यंत. आजार पुन्हा डोकं वर काढून नवे उपचार लागले ते नुसत्या व्हॅल्प्रोएटवर ६९ टक्के, नुसत्या लिथियमवर ५९, दोन्हींवर ५४. म्हणजे आमचं लाडकं लिथियमही निम्म्याहून अधिकांना पुरलं नाही. नवं औषध शोधायलाच हवं, हे मामांचं म्हणणं चुकीचं नाही.

उंदराला एकादशी नसते

दोन वर्षांमागं धाकटा आषाढीला चालत पंढरपूरला निघाला. वाटेत गुडघा सुजला, एका दुकानातून कुणीतरी त्याला दुखण्याची गोळी घेऊन दिली, दिवसातून दोनदा. ऊन, घाम, त्यात उपवास. चौथ्या दिवशी हात एवढा थरथराय लागला की पेला धरवेना, मग जुलाब, मग बोलणं जड. सोबतच्यांना वाटलं ऊन लागलं. फोनवर त्याचा आवाज ऐकला आणि मी ओरडलेच, 'आधी हॉस्पिटल गाठा, लिथियम चालू आहे म्हणून सांगा.' पातळी १.७ निघाली.

कारण किडनीत आहे. तिला लिथियम आणि मिठातलं सोडियम यांच्यातला फरक नीट कळत नाही. पाणी-मीठ कमी पडलं की ती सोडियम धरून ठेवते, आणि त्याच्याबरोबर लिथियमही. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आणि बीपीची काही औषधं हेच वाढवतात. रोजचा भरपूर चहा-कॉफी एकदम सोडली तरी पातळी वर सरकते, कारण कॅफिन लिथियम बाहेर टाकायला मदत करतं. म्हणून निर्जळी उपवास, लांबची वारी, जुलाब-उलट्या, नवी दुखण्याची गोळी, यांतलं काहीही येणार असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. डब्यातल्या उंदराचा गुडघा सुजत नाही.

अर्काच्या पेपरचं काय करायचं, तर छापून घ्या आणि वर तीन ओळी लिहा: रॅट की माऊस आणि किती दिवस, आधी की नंतर, तिसरा गट होता का. पुढच्या तपासणीला नेऊन द्या. आमची वारी धारवाडला असते, तिथले डॉक्टर असा कागद दोन मिनिटांत बघून सांगतात. मधल्या काळात गोळी आहे तशी. लिथियम झटक्यात बंद केलं तर मेनिया उलटून यायची भीती मोठी असते. रात्रीबेरात्री काही विचारायचं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे.

मामा गेल्या रविवारी स्वतःच आले, बेळगावाहून कुंदा घेऊन. पेपरची छापील प्रत दुकानाच्या काउंटरवर होती, माझ्या पेन्सिलीच्या खुणांसकट. चष्मा लावून त्यांनी आकड्यांचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला, वखारीतल्या वहीसारखा. मग विचारलं, 'शेवटी या उंदरांचं काय होतं गं?' मारतात, म्हटलं. मेंदू काढून तपासायचा असतो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आत धाकटा कुंद्याचा डबा उघडत होता, त्याला म्हणाले, 'रक्त कधी द्यायचंय तुझं?'

'गुरुवारी,' तो म्हणाला. 'बुधवारी रात्री नवाला गोळी, गुरुवारी सकाळी नवाला रक्त. बारा तास मोजून.'

मामांनी खिशातली डायरी काढली आणि लिहून घेतलं.